डिस्कवर हात घालण्यापूर्वी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान, फोटो स्टुडिओ, झेरॉक्स-डीटीपी किंवा ऑनलाइन फॉर्म भरण्याचे केंद्र चालवणाऱ्यांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. शाळेतल्या कॉम्प्युटरांची जबाबदारी ज्यांच्या अंगावर पडली आहे त्या शिक्षकांसाठीही ती आहे. विषय एकच: डिस्क एडिटर हे साधन आणि ते वापरताना घ्यायची काळजी. हे साधन फाइल, फोल्डर, आयकॉन या सगळ्यांच्या खाली उतरून डिस्कवरचा एकेक बाइट दाखवते आणि हवा तो बाइट बदलूही देते. त्याच्या मदतीने गेलेले लग्नाचे फोटो परत मिळतात आणि त्याच्यातच एकदा चुकून 'सेव्ह' दाबले की अख्खी डिस्क हातची जाते. म्हणून वापर शिकवण्याआधी जपणूक शिकवावी असे ठरवले आणि प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली.

हा विषय आपल्या भागासाठी का निवडला, ते आधी सांगतो. मुरबाड तालुक्यातले धसई हे १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. गावोगावचे व्यवहार कॉम्प्युटरवर येण्याचा तो काळ होता. आज आपल्याकडे डिस्क आणि पेन ड्राइव्हवर काय काय साठलेले असते ते पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांचे कागद, जीपीएसने केलेल्या प्लॉटमोजणीच्या फाइली, गावातल्या जाणत्या माणसांचे स्कॅन केलेले जबाब. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनातल्या नोटिसा आणि मोबदल्याचे कागद. बचत गटांचे हिशेब, पतपेढीचा टॅलीचा डेटा, दाखल्यांचे अर्ज, लग्नसराईतले हजारो फोटो. यातल्या कित्येक गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नसते. ज्या म्हाताऱ्याचा जबाब स्कॅन करून ठेवला तो आज हयात नसेल, तर ती फाइल म्हणजे त्या कुटुंबाच्या दाव्याचा आधार असतो. ती गेली तर पुन्हा कोणाचा जबाब घेणार?

आणि डेटा काढून देणारी सुसज्ज जागा आपल्याला जवळ नाही. शहापूरकराला आसनगावहून लोकल पकडून मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. तिथल्या माणसाला आधी एसटीने कल्याणला यावे लागते. किन्हवली, डोळखांब, टोकावडे या बाजूच्या माणसाचा तर अख्खा दिवस मोडतो आणि वर खर्च किती येईल याचा अंदाज नसतो. साहजिकच तो पहिल्यांदा नाक्यावरच्या दुकानात येतो. त्या दुकानातल्या मुलाने पहिल्या दहा मिनिटांत काय केले, यावर पुढचे सगळे ठरते. मुंबईतल्या तज्ज्ञाच्या हाती डिस्क जाण्याआधीच तिच्यावर काही लिहिले गेले असेल, तर तोही हात टेकतो. या पहिल्या दहा मिनिटांसाठी ही पुस्तिका आहे.

डिस्क एडिटर ही काही नवी वस्तू नाही. पीटर नॉर्टन यांची 'नॉर्टन युटिलिटीज' १९८२ मध्ये आली ती पुसलेली फाइल परत आणण्याच्या सोयीमुळे गाजली. पुढे तिच्यात डिस्कएडिट आले. ते उघडले की मुळात फक्त वाचण्यापुरतेच चालू होई. लिहायचे असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम तशी परवानगी द्यावी लागे. बनवणाऱ्यानेच हा अडसर घातला होता, कारण त्याला धोका माहीत होता. आज विनहेक्स, एचएक्सडी, डीएमडीई अशी साधने सहज मिळतात. एचएक्सडी फुकट आहे आणि त्यातही डिस्क उघडताना 'रीड-ओन्ली'ची खूण आधीच केलेली असते. ती खूण काढून टाकण्याची घाई हीच बहुतेक नुकसानीची सुरुवात असते.

या साधनाचे मोल एका घटनेवरून कळेल. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर एकाच दिवशी उसळला. भारतातही पुष्कळ कॉम्प्युटर बंद पडले. त्याने डिस्कचा सुरुवातीचा १ एमबी भाग शून्यांनी भरून टाकला. कॉम्प्युटर सुरूच होईना, तेव्हा सगळे गेले असे समजून अनेकांनी डिस्क फॉरमॅट केल्या. वस्तुस्थिती अशी होती की फॅट३२ प्रकारात फाइलींच्या नोंदवहीच्या दोन प्रती असतात आणि मोठ्या पार्टिशनमध्ये दुसरी प्रत त्या १ एमबीच्या बरीच पलीकडे पडते. ज्यांनी डिस्क तशीच ठेवली आणि जाणकाराने ती दुसरी प्रत शोधली, त्यांचा बराच डेटा वाचला. ज्यांनी घाईने फॉरमॅट करून नवे विंडोज टाकले, त्यांनी व्हायरसने न केलेले नुकसान स्वतःच्या हाताने पुरे केले.

गेलेला डेटा परत मिळणे कसे शक्य होते ते समजले की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. डिस्क ही ओळीने मांडलेल्या सेक्टरांची बनलेली असते. एका सेक्टरमध्ये बहुधा ५१२ बाइट असतात. नव्या डिस्कमध्ये आतून ४०९६. प्रत्येक सेक्टरला शून्यापासून क्रमांक असतो. थोडेसे सेक्टर नोंदींसाठी राखलेले असतात, बाकीच्यांत खरा मजकूर असतो. फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा फक्त नोंद बदलते. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेत जागचे हलत नाही. दुसऱ्याने येऊन नांगर घालेपर्यंत पीक उभेच असते. फॅटमध्ये तर फाइलच्या नावाचा पहिला बाइट बदलून तिथे ई५ (एडिटर बाइट सोळाच्या पायावरच्या, म्हणजे हेक्स आकड्यांत दाखवतो) लिहिला जातो आणि फाइलचे तुकडे जोडणारी साखळी पुसली जाते. मजकूर होता तिथेच राहतो. 'क्विक फॉरमॅट'ही मुख्यतः नोंदीच कोऱ्या करते. मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केला की सगळी डिस्क शून्यांनी भरते. या दोन फॉरमॅटमधला फरक दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

आता एक प्रसंग जवळून पाहू. स्टुडिओतले ३२ जीबीचे कार्ड कॉम्प्युटरला लावले आणि पडद्यावर आले: ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा. आत हळदीचे आणि लग्नाचे फोटो आहेत. पहिले काम म्हणजे 'कॅन्सल' करून कार्ड बाहेर काढणे. दुसरे काम, कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी खाली करणे. ही पट्टी कार्डरीडरने मानली तरच उपयोगी पडते, म्हणून तिच्यावर विसंबायचे नाही. विंडोज तर नुसते कार्ड लावले तरी 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचे फोल्डर स्वतःहून त्यावर तयार करते. तिसरे आणि खरे काम, कार्डाची सेक्टर-न्-सेक्टर प्रत, म्हणजे इमेज, वेगळ्या डिस्कवर उतरवणे. इथून पुढे कार्ड पाकिटात घालून, वर गिऱ्हाइकाचे नाव लिहून कपाटात ठेवायचे. जे काही करायचे ते त्या इमेजच्याही आणखी एका प्रतीवर.

ती प्रत एडिटरमध्ये उघडली की सेक्टर शून्य दिसतो. त्यातले पहिले ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडचे, पुढचे ६४ पार्टिशनच्या चार नोंदींचे आणि शेवटचे दोन ५५ एए. ही शेवटची खूण जागेवर असेल तर धीर येतो. पहिल्या नोंदीत, ४५४ व्या ऑफसेटपासून, पार्टिशन कुठे सुरू होते तो आकडा असतो. तिथे ०० २० ०० ०० असे दिसेल. नवखा माणूस हे डावीकडून वाचतो आणि वीस लाखांच्या पुढच्या सेक्टरवर जाऊन पोचतो. हे चार बाइट उलट क्रमाने वाचायचे असतात. खरा आकडा ८१९२. त्या सेक्टरवर गेलो तर तिथे नुसती शून्ये. म्हणजे पार्टिशनचा पहिला सेक्टर, बूट सेक्टर, पुसला गेला आहे आणि म्हणूनच कॉम्प्युटर फॉरमॅट मागतो आहे. पण फॅट३२ आपल्या बूट सेक्टरची प्रत साधारणपणे सहा सेक्टर पुढे ठेवते. ८१९८ वर जाऊन पाहा: उजव्या रकान्यात 'फॅट३२' हा शब्द इंग्रजी अक्षरांत दिसतो, शेवटी तेच ५५ एए. ही प्रत ८१९२ वर चिकटवली, सेव्ह केले, इमेज पुन्हा जोडून उघडली की कॅमेऱ्याचे 'डीसीआयएम' फोल्डर समोर येते. बदलले ते फक्त ५१२ बाइट, तेही प्रतीच्या प्रतीवर. आकडा चुकला असता तरी कार्डाला धक्का लागला नसता. प्रत टाकून नवी घेतली असती. सगळी कला प्रतीवरच काम करण्यात आहे.

मराठी फाइलींसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही. एडिटरच्या उजव्या रकान्यात इंग्रजी नावे वाचता येतात, मराठी नावे येत नाहीत, आणि मग डेटा 'करप्ट' झाला असा समज होतो. एनटीएफएसमध्ये नावे युनिकोडच्या दोन-दोन बाइटांत लिहिलेली असतात. 'शहापूर' हे नाव ३६ ०९ ३९ ०९ ३ई ०९ २ए ०९ ४२ ०९ ३० ०९ असे दिसते. एक सोडून एक येणारा ०९ ही देवनागरीची खूण. 'मुरबाड' शोधायचे तर २ई ०९ ४१ ०९ ३० ०९ २सी ०९ ३ई ०९ २१ ०९ एवढे बाइट शोधाच्या चौकटीत टाकावे. फॅटमध्ये लांब नाव पाच, सहा आणि दोन अक्षरांच्या तुकड्यांत विभागलेले असते, म्हणून तिथे पहिल्या पाच अक्षरचिन्हांवरच शोध घ्यावा. काना, वेलांटी, उकार ही तिथे स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ज्या डिस्कवर गावाच्या, पाड्याच्या नावाने फोल्डर केलेले आहेत, तिथे ही युक्ती फार कामी येते.

आता धोके. सर्वांत मोठा धोका चुकीची डिस्क निवडण्याचा. एडिटर डिस्क शून्य, डिस्क एक, डिस्क दोन अशी यादी दाखवतो आणि पेन ड्राइव्ह काढून लावला की हे क्रमांक बदलू शकतात. क्रमांकावर कधीही विश्वास ठेवू नये. मॉडेल, सिरियल नंबर आणि क्षमता या तिन्ही गोष्टी कागदावर उतरवून पडद्याशी ताडून पाहाव्यात. ५०० जीबी म्हणून विकली जाणारी डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि तिचे सेक्टर बहुधा ९७,६७,७३,१६८ भरतात. असे आकडे ओळखीचे असले की गफलत होत नाही. गिऱ्हाइकाच्या डिस्कवर काम चालू असताना नको असलेले सगळे ड्राइव्ह काढून ठेवावेत.

दुसरा धोका, जिथे हाताने बदल करू नये तिथे तो करण्याचा. नव्या कॉम्प्युटरांत जीपीटी पद्धत असते. तिचे मुख्य टेबल डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी प्रत अगदी शेवटच्या सेक्टरांत असते, आणि दोन्हींत पडताळणीचे आकडे असतात. एक बाइट बदलला तरी ते आकडे जुळेनासे होतात. एक्सफॅटच्या बूट सेक्टरलाही अशीच पडताळणी असते. अशा जागी एडिटर फक्त पाहण्यासाठी वापरावा आणि दुरुस्ती टेस्टडिस्कसारख्या साधनाकडून करून घ्यावी. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी बनवलेले टेस्टडिस्क आणि त्याच्या जोडीचे फोटोरेक ही दोन्ही साधने मुक्त आहेत. नोंदी पार गेल्या असतील तर फोटोरेक मजकुरावरूनच फाइल ओळखते. जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी होते, ती खूण ते शोधत जाते. परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर मात्र कधीही साठवू नयेत.

तिसरा धोका आजारी डिस्कचा. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, किंवा ती मध्येच दिसेनाशी होत असेल, तर एडिटर उघडूच नये आणि चेकडिस्कही चालवू नये. दुरुस्तीसाठी चालवलेली चेकडिस्क डिस्कवर लिहिते. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते जीवघेणे ठरते. ती डिस्क बंद करून मोठ्या जागी पाठवावी आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. 'माझ्याच्याने होणार नाही' हे वेळेवर सांगणे ही या धंद्यातली सर्वांत मोठी सेवा आहे. आवाज नाही, पण काही सेक्टर वाचता येत नाहीत, अशा डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते चांगले भाग आधी उतरवते, अडलेले भाग मागे ठेवते आणि कुठपर्यंत आलो याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये करत राहते. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. ती परत आली की त्याच नोंदीवरून काम पुढे चालू होते, पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. आपल्या भागासाठी एवढा एकच गुण पुरेसा आहे. तरीही लिहिण्याचे काम बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस लावलेल्या कॉम्प्युटरवरच करावे.

काही ठिकाणी हे साधन कामाचेच नसते, हेही माहीत असावे. एसएसडीवर फाइल पुसली की विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचे ड्राइव्हला कळवते आणि तो त्या आतून रिकाम्या करून टाकतो. नंतर पाहावे तर शून्येच. आजकालच्या फोनची आतली साठवण आणि बिटलॉकर लावलेल्या डिस्क सांकेतिक रूपात असतात; किल्लीशिवाय दिसणाऱ्या बाइटांना काही अर्थ नसतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवून पैसे घेणे योग्य नाही.

गिऱ्हाइकाच्या विश्वासाबद्दलही बोलले पाहिजे. एडिटरला पासवर्ड असलेले विंडोज खाते, लपवलेले फोल्डर, पुसलेले फोटो यांपैकी काही अडवत नाही. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तर जास्तच जपायला हवे. हव्या त्या फाइली काढाव्यात, बाकीच्याकडे पाहू नये, काम झाल्यावर आणि गिऱ्हाइकाने फाइली उघडून पाहिल्यावर आपल्याकडची इमेज पुसावी. अप्रामाणिक हेतूने विनापरवानगी कोणाच्या डेटात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे. आणि डिस्कचा संबंध एखाद्या पोलिस तक्रारीशी किंवा कोर्टातल्या वादाशी असेल, तर हात लावूच नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात त्याची हॅश, म्हणजे त्यातल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ओळख-आकडा, द्यावी लागते. एक बाइट बदलला तर हॅश पूर्ण बदलते. जमिनीच्या वादातला पुरावा आपल्या उत्साहापायी संशयास्पद ठरू नये.

पुस्तिकेची रचना तीन भागांत केली आहे. पहिल्या भागात फक्त वाचणे आहे: सेक्टर ओळखणे, आकडे उलटून वाचणे, खुणा शोधणे. दुसऱ्या भागात इमेज काढणे आणि हॅश घेऊन ती मुळाशी जुळते का ते पाहणे. तिसऱ्या भागात बदल करणे, आणि प्रत्येक बदलाआधी जुने बाइट वहीत उतरवून ठेवणे. हा क्रम मोडू नये. सरावासाठी ८ जीबीचा एखादा जुना पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यावर आपल्याच बिनकामाच्या फाइली टाकाव्यात, पुसाव्यात, शोधाव्यात, बूट सेक्टर मुद्दाम खराब करून परत बसवावा. हात बसल्याशिवाय दुसऱ्याच्या डिस्कला हात लावू नये.

वाचकांना एवढीच विनंती आहे. दुकानात एक मोठी रिकामी डिस्क कायम बाजूला ठेवा आणि ती इमेज काढण्याशिवाय दुसऱ्या कशालाही वापरू नका. ती नसेल त्या दिवशी डेटा काढण्याचे काम घेऊ नका. आणि फाइली परत करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत करून द्या, ती वेगळ्या घरी ठेवायला सांगा. ज्याच्याकडे दोन प्रती आहेत, त्याला डिस्क एडिटरची गरज क्वचितच पडते.